बंबातून वाचलेली दौत : साताऱ्यातले चार दिवस

पहिला दिवस, गुरुवार

स्वारगेटहून सकाळची एसटी धरली, खंबाटकी ओलांडला आणि अकराच्या सुमारास साताऱ्याच्या स्टँडवर उतरले. सामान थोडंच होतं. दोन साड्या, वही, मोजपट्टी, भिंग, मऊ केसांचा ब्रश आणि धुवून मऊ झालेल्या सुती साडीचे तुकडे. काही हाती लागलंच तर गुंडाळायला.

गेली अकरा वर्षं मी लिहिण्याची जुनी लाकडी साधनं गोळा करते आहे. दौती, कलमदानं म्हणजे लेखण्या आणि दौती ठेवायच्या पेट्या, वाळूच्या डब्या, टाक ठेवायची तबकं, ओळी आखायचे रूळ, कारकुनांचे बैठे उतरते डेस्क. पितळी दौती बाजारात अजून मिळतात, कारण पितळाला वजनावर भाव आहे. घर आवरताना निघालेलं पितळ निदान तराजूत तरी चढतं, आणि तिथे कुणाची तरी नजर पडून एखादी दौत वाचते. लाकडाला असा तराजू नाही. वापर संपला की ते चुलीत जातं, नाहीतर पाणी तापवायच्या बंबात. म्हणून जे लाकूड उरलं आहे त्याच्या मागे मी फिरते.

दुपारी राजवाड्यावर गेले. तेव्हाचं सरकारी हायस्कूल, म्हणजे पुढचं प्रतापसिंह हायस्कूल, इथेच भरायचं. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी इथल्या रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ या नावाची नोंद झाली, क्रमांक १९१४. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. साताऱ्याला आले की मी इथे येऊन थोडा वेळ उभी राहते. त्या काळच्या शाळेत टाक आणि दौत हीच लिहिण्याची साधनं. बाकाला गोल भोक, त्यात शाईचं भांडं. मुलांची बोटं, सदऱ्याची बाही, वहीचा कोपरा, सगळीकडे शाई. अशी भोकं असलेल्या बाकाची एक फळी माझ्या संग्रहात आहे. भोकाच्या कडेला शाई इतकी मुरली आहे की लाकडाचा मूळ रंग तिथे उरलेलाच नाही. मला ती फळी कोरीव कलमदानापेक्षा कमी मोलाची वाटत नाही.

तिथून पेठेतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरले. फोनवर ‘पेशवाई कलमदान आहे, लवकर या’ असं सांगितलं होतं. सहा हजार रुपये मागितले. वस्तू देखणी होती, आणि नवी होती. झाकण उचलून बिजागरीचे स्क्रू पाहिले, तर फुलीच्या खाचेचे. असे स्क्रू १९३० च्या दशकापासून आले. स्क्रू मागाहून बदलले असतील, हे मान्य. पण खणाच्या आतलं लाकूडही बाहेरच्याइतकंच काळपट होतं. खऱ्या पेटीत असं होत नाही. हात लागतो तिथे लाकूड गुळगुळीत होतं, ऊन लागतं तिथे फिकट होतं, आणि जिथे काहीच पोचत नाही त्या खालच्या कोपऱ्यात ते आपला मूळ रंग धरून असतं. सगळीकडे सारखं जुनं दिसणारं लाकूड पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं रंगवलेलं असू शकतं. मी नको म्हटलं आणि निघाले. नवी पेटी नवी म्हणून विकली असती तर कारागिराचं कौतुक करून कदाचित घेतलीही असती. जुनी म्हणून विकली की त्या कारागिराचंही नाव पुसलं जातं, याचा मला राग येतो.

आत्याकडे उतरले आहे, शनिवार पेठेत. आत्या ब्याऐंशीची आहे. नजर अधू झाली आहे, पण हातांना सगळं कळतं. रात्री जेवणं झाल्यावर मी विचारलं, “आत्या, आजोबांचं कलमदान होतं ना गं?”

“होतं की. शिसवी. एवढं लांब.” तिनं कोपरापासून मनगटाच्या पुढेपर्यंत हात दाखवला. “दादा बैठकीत बसायचे, उजव्या हाताला ते. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती.”

आजोबा माण तालुक्यातल्या आमच्या गावचे कुलकर्णी, गावाचं दप्तर ठेवणारे. १ मे १९५१ ला परगणे आणि कुलकर्णी वतनं कायद्यानं रद्द झाली. दप्तराचे रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, तलाठ्याकडे गेले. कलमदान घरी राहिलं, पण त्याला आता काही काम नव्हतं.

“माळ्यावर टाकलेलं होतं,” आत्या म्हणाली. “एका पावसाळ्यात सरपण भिजलं, काही केल्या पेटेना. आई म्हणाली, माळ्यावरचं काय असेल ते काढ. मीच काढलं. मीच बंबात घातलं. वाळलेलं शिसव, पुष्कळ वेळ जळलं ते.” मग थोडं थांबून म्हणाली, “तेव्हा ते जळणच होतं गं.”

दुसरा दिवस, शुक्रवार

साताऱ्याहून वाई पस्तीस किलोमीटर. सकाळी थंडी चांगलीच होती, स्टँडवर शेकोटी पेटली होती. वाईला उतरून आधी ढोल्या गणपतीला नमस्कार केला आणि रिक्षानं मेणवलीला गेले.

मेणवलीला लोक घाट बघायला येतात. वसईच्या १७३९ च्या मोहिमेतून आलेली ती मोठी घंटा बघतात, फोटो काढतात. माझ्या मनात मात्र नाना फडणवीसांचा वाडा म्हणजे मुख्यतः लेखणीचा वाडा आहे. फडणीस म्हणजे हिशेब तपासणारा अधिकारी. नाना (१७४२–१८००) लढाईच्या मैदानावरचे नव्हेत. कागद, जमाखर्च आणि पत्रं यांवर त्यांनी मराठी राज्य सांभाळलं. त्यांचं इथलं दप्तर इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांच्या हाती आलं, आणि पारसनीसांचा साताऱ्यातला संग्रह पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. कागद गेले, ते बरं झालं, ते टिकले. पण ज्या मेजांवर ते लिहिले, ज्या दौतींतून शाई घेतली, त्यांची नोंद कोण ठेवणार? वाड्याच्या ओसरीवर, लाकडी खांबांमध्ये, मी बराच वेळ बसले. उजेड कुठून येतो ते पाहिलं. कारकून उजेड डाव्या बाजूला घेऊन बसत असणार, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. बैठकीची जागा अशी उजेडावरून अंदाजानं ओळखता येते.

दुपारी वाईत, गंगापुरीतल्या एका घरी. ओळखीतून पत्ता मिळाला होता. घरच्या काकू सत्तरीच्या पुढच्या. मी कलमदानाचं विचारलं तर म्हणाल्या, “कलमदान नाही बाई आमच्याकडे. असतं तर दाखवलं असतं.” चहा झाला. मी उठणार तेवढ्यात देवघराकडे लक्ष गेलं. समईच्या शेजारी फुलवातींची पेटी ठेवलेली होती.

“काकू, ती पेटी जरा बघू?”

“ती वातींची. सासूबाईंच्या वेळेपासून तीच आहे.”

हात धुतले, मगच पेटी घेतली. लांबी एकोणतीस सेंटीमीटर, रुंदी नऊ, उंची सात. सागवानी, कडांना पितळी पट्ट्या. आत एक लांब खण, त्यात फुलवाती. त्याच्या बाजूला दोन चौकोनी घरं, एकात कापूर, एकात गंधाची गोळी. आणि टोकाला लहानसा खण, त्यात काडेपेटी. लांब खण बोरूंचा, म्हणजे लेखण्यांचा. दोन घरं दोन दौतींची, एक काळ्या शाईची, एक तांबड्या शाईची. टोकाचा खण वाळूचा. ओल्या अक्षरावर बारीक वाळू शिंपडायची आणि कागद झटकायचा. टीपकागद घरोघरी येण्याआधी हीच रीत होती. जुनं मोडी बाड उलगडताना अजूनही घडीत वाळूचे कण सापडतात, बोटांना लागतात. मी कापराची वडी बाहेर काढून त्या घराच्या तळाशी भिंग धरलं. तळ काळा होता, चौकोनाच्या मधोमध एक गोल फिकट. दौतीचं बूड टेकून टेकून ती जागा शाईपासून वाचली होती.

मग झाकण उलटं केलं, आणि जे दिसलं त्यासाठी एवढा प्रवास केला असं वाटलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, उजव्या अर्ध्यात, केसाएवढ्या बारीक रेघा होत्या. शेकडो. सगळ्या तिरप्या, सगळ्या जवळजवळ एकाच कलाच्या. बोरू झिजला की त्याचं टोक कठीण पृष्ठावर टेकवून चाकूच्या एका दाबानं तिरपं तोडावं लागतं. जाड-बारीक अक्षराची सगळी गंमत त्या तिरप्या तोडण्यात असते. त्यासाठी वेगळी पट्टी ठेवतात. या पेटीच्या मालकानं तेवढी वाट न बघता झाकणच वापरलं होतं. दिवसाला दोन-चार वेळा, कित्येक वर्षं. त्याचं नाव कुठे नाही, पण त्याचा हात कोणत्या कोनात चालायचा ते मला दिसत होतं.

आणखी एक गोष्ट. पितळी पट्टी एका ठिकाणी लोखंडी चुकेनं, म्हणजे बारीक खिळ्यानं, ठोकलेली होती, बहुधा नंतरच्या दुरुस्तीत. त्या चुकेभोवती लाकडावर काळं वलय आलं होतं. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य ओलाव्यात भेटलं की हा काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई हीच क्रिया वापरते. हिरड्यात टॅनिन, हिराकशीत लोह. म्हणजे त्या चुकेभोवती लाकडानं स्वतःचीच शाई केली होती. मी हे काकूंना सांगितलं. त्यांनी चष्मा लावून तो खिळा पाहिला, रेघांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “मला वाटायचं सासूबाईंनी यावर काही चिरलं असेल.”

मी विकत मागितली नाही. मागावीशी वाटली, हे खरं आहे. पण ती पेटी वाचली आहे ती वातींमुळेच. लेखणीचं काम सुटलं तेव्हा देवाचं काम मिळालं, म्हणून तिला कुणी बंबात घातलं नाही. माझ्याकडे आणली असती तर कापसाखाली ठेवावी लागली असती. इथे ती रोज संध्याकाळी उघडते. मोजमापं घेतली, चौदा फोटो काढले, आणि काकूंना एवढंच सांगितलं की पॉलिश करू नका, तेल लावू नका, कोरड्या फडक्यानं पुसा. खण धुवू तर मुळीच नका.

हे धुण्याचं मी कळकळीनं सांगते, त्याला कारण आहे. माझ्या संग्रहातली पहिली दौत मी घरी आणल्या आणल्या गरम पाण्यात भिजवून घासली होती. काळं पाणी निघालं, मला वाटलं मळ निघाला. ती शाई होती. वाळताना लाकूड उभं तडकलं. ती तडकलेली दौत मी अजून ठेवली आहे.

तिसरा दिवस, शनिवार

रहिमतपूरवरून औंधला. यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय आहे. भवानराव पंतप्रतिनिधींनी ते १९३८ साली उभं केलं. राजा स्वतः चित्रकार, संग्रहाची दृष्टी असलेला. हेन्री मूरचं मातृशिल्प सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगरावर आहे हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. मी मात्र लाकूड आणि हस्तिदंत यांवरच्या कोरीवकामासमोरच जास्त रेंगाळते. हत्यार कुठे थांबलं, कुठे वळलं, हे बघून डोळा तयार होतो, आणि तो डोळा पुढे जुन्या बाजारात उपयोगी पडतो. आजही तेच केलं.

परतीच्या एसटीत शेजारी एक निवृत्त गुरुजी होते. बोलता बोलता म्हणाले, त्यांच्या वडिलांना मोडी झरझर येत असे, त्यांना स्वतःला एक अक्षर येत नाही. मुंबई सरकारनं १९१७ साली कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध लिपी ठरवली, तरी गावोगावी मोडी पुढे बरीच वर्षं चालू राहिली. वतनं गेली आणि मोडीही हळूहळू गेली. फाउंटन पेन आणि बाटलीतली शाई आली. दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेल्या ‘हॉर्स ब्रँड’च्या शाईच्या पुड्या आणि वड्या आल्या, त्यातूनच पुढे कॅम्लिन उभं राहिलं. घरी शाई घोटायची गरजच राहिली नाही. गुरुजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आणि अठ्ठेचाळीस साल विसरू नका.” विसरत नाही. गांधीजींच्या खुनानंतर १९४८ मध्ये सातारा-सांगली भागात जे वाडे पेटवले गेले त्यांत माणसांचे संसार गेले. दप्तरं आणि कलमदानं त्या मानानं लहान गोष्ट, पण तीही त्याच आगीत गेली. या भागात जुनं लाकडी लेखनसामान इतकं दुर्मीळ का, याचं ते एक उत्तर आहे.

रात्री आत्यासाठी कंदी पेढे आणले. बाकी काही नाही.

चौथा दिवस, रविवार

पहाटे सज्जनगड. समर्थांच्या समाधीचं दर्शन घेतलं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर कसं काढावं, ओळी कशा सरळ चालाव्यात, हे तर त्यात आहेच. पण देशोदेशीचे बोरू आणावेत, शाई कशी असावी, कागद कसे घोटावेत, इथपर्यंत समर्थ सांगतात. अध्यात्म सांगणाऱ्या संताला बोरूच्या जातीची चौकशी करावीशी वाटली, याचं मला दर वेळी नव्यानं अप्रूप वाटतं. गडावरच्या वाऱ्यात उभी राहून मनातल्या मनात तो समास म्हटला. साधनाची काळजी घेणं हे लिहिण्याचाच भाग आहे, असं मानणारी ती परंपरा आहे, आणि माझा संग्रह त्या परंपरेच्या पायाशी आहे असं मला वाटतं.

उतरून दुपारी शहराबाहेरच्या एका वखारीत गेले. जुने वाडे पाडले की त्यांचं लाकूड इथे येतं. तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या, दारं. कोपऱ्यात ढलप्यांची पोती भरून ठेवलेली असतात, बंबासाठी नेतात लोक. मी मालकांना विचारलं, पोती उपसून बघू का? ते म्हणाले, बघा की, ताई, पण हात सांभाळा, खिळे असतात.

चौथ्या पोत्यात, सवाशेर धुळीखाली, ती होती.

मूठभर आकाराची, चरकावर कातलेली, बूड रुंद आणि गळा आखूड. झाकण नाही. एका बाजूला उभी चीर, पण आरपार नाही. बाहेरून लाखेचा तांबडा थर होता असं खोबणीत उरलेल्या कणांवरून कळत होतं. आत भांडं नव्हतं. लाकडातच पोकळी कोरून आतून लाखेचा लेप दिलेला, शाई मुरू नये म्हणून. भिंग लावून आत पाहिलं तर तळाशी काहीतरी चिकटलेलं, काळं, सुकून दगड झालेलं. वखारीच्या मालकांनी दोनशे रुपये सांगितले, मग स्वतःच म्हणाले, “जळणाचे काय पैसे घ्यायचे, चहाचे द्या.” मी दोनशेच दिले. कुठल्या वाड्याचं लाकूड, तेवढं विचारून वहीत लिहून घेतलं. वस्तू कुठून आली हे लिहिलं नाही तर पुढच्या माणसाच्या हाती नुसतं लाकूड उरतं. ही दौत शंभर वर्षांची आहे की नाही, हे मला अजून ठरवायचं आहे. शंभर वर्षांपुढची असली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

संध्याकाळी आत्याच्या ओसरीवर कागद पसरून दौत ठेवली. कोरड्या ब्रशनं बाहेरची धूळ काढली. आतला भाग तसाच ठेवला. आत्या शेजारी येऊन बसली.

“दे इकडे.”

तिनं दोन्ही हातांत घेतली. बूड चाचपलं, गळा चाचपला, मग करंगळी आत घातली आणि तळाशी टेकवून थांबली.

“बोळा आहे आत.”

मला ते ठाऊक होतं. दौतीत चिंधीचा बोळा ठेवतात, शाई त्यात भिनून राहते, बोरू बुडवला की हवी तेवढीच लागते आणि कागदावर थेंब पडत नाही. पण मी बोलले नाही, कारण आत्या बोलत होती.

“हा रेशमी आहे. अजून गुळगुळीत लागतोय कडेला. मोठ्या घरची असणार दौत. आमच्यात सुती असायचा. दादांचं धोतर विरलं की त्याच्या काठाशेजारची पट्टी आई काढून ठेवायची, तिथला पीळ घट्ट असतो म्हणून. महिन्यातून एकदा बोळा बदलायचा. जुना काढायचा, दौत राखेनं पुसायची, नवा घालायचा, मग वरून शाई. काजळ आणि बाभळीचा डिंक, दिवस-दिवस घोटलेली.” तिची करंगळी आतच होती. “हात लावायची परवानगी नव्हती म्हटलं ना तुला परवा? कलमदानाला नव्हती. पण बोळा मीच घालायचे. माझी बोटं लहान होती, दौतीच्या तळाशी तीच पोचायची.”

करंगळी बाहेर काढून तिनं उजेडाकडे धरली. नखाच्या कडेला काळा कण लागला होता. मी रुमाल पुढे केला. “राहू दे,” ती म्हणाली.

मी वही उघडून लिहून घेतलं : काठाशेजारची पट्टी, पीळ घट्ट. महिन्यातून एकदा. राखेनं पुसणे.